आबांचा विश्वास नेमका कशावर नाही?

प्रिय ताई,

आमची वाडी महाड तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. एकोणतीस घरं. २०२१ च्या जुलैत तळियेत दरड आली, त्यानंतर सरकारी भूवैज्ञानिक आमच्याकडेही येऊन गेले. अर्धा दिवस वर फिरले, फोटो काढले, चहा घेतला आणि गेले. त्यांचा अहवाल वाडीत कुणीच पाहिलेला नाही. मात्र तेव्हापासून दर जूनमध्ये घरोघर नोटीस येते : आपली वाडी दरडप्रवण आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या जीवितहानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. सुरक्षित ठिकाण म्हणजे खालच्या गावातली शाळा. दोन खोल्या, एक संडास. कायमच्या पुनर्वसनाची जागा अजून 'प्रस्तावित' आहे.

मी पनवेलला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. वाडीतली बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, म्हणून सगळे मलाच विचारतात. माझे वडील (आम्ही आबा म्हणतो, वय ६८) म्हणतात, "चार-पाच वर्सं कागद येतोय, डोंगर हाय तिथंच हाय. तुझ्या सायन्सवाल्यांना काय कळतंय?" २०२१ च्या त्या रात्री मात्र त्यांनी स्वतःच गोठ्यातल्या म्हशी सोडल्या होत्या आणि आईला घेऊन देवळात जाऊन बसले होते. का, ते विचारलं तर बोलत नाहीत. गेल्या पावसाळ्यात रेड अलर्ट होता म्हणून मी फोनवर खूप भांडले. शेवटी ते आईला घेऊन शाळेत उतरले आणि त्या रात्री पाऊसच पडला नाही. आता ते माझं अजिबात ऐकत नाहीत. मला पावसाळ्यात झोप लागत नाही. लोक विज्ञानावर विश्वास का ठेवत नाहीत? आबांना मी कसं पटवू?

— एक लेक

*

प्रिय लेकी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना म्हशींच्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. तुमची भीती खोटी नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरांनी २००५ च्या जुलैत जुई आणि दासगाव गिळलं, २०२१ मध्ये तळिये. सह्याद्रीचा कातळ टणक असतो, पण त्याच्या अंगावर जी माती आणि कुजलेला मुरूम बसलेला असतो, तो टणक नसतो. आठ-दहा दिवस पाऊस लागून राहिला की पाणी मुरत मुरत खालच्या कातळापर्यंत पोचतं. पुढे जायला वाट नाही म्हणून तिथेच तुंबतं, आणि वरच्या मातीचा भार आतून उचलून धरायला लागतं. मग एखाद्या रात्री कोसळधार झाली की माती कातळावरून सुटते. म्हणजे एका रात्रीचा पाऊस जितका महत्त्वाचा, तितकाच आधीच्या आठवड्याचा. हे तुम्हाला ठाऊक असेलही. तरी लिहिलं, कारण पुढे याचा उपयोग आहे.

आता आबा. तुम्ही विचारता, लोक विज्ञानावर विश्वास का ठेवत नाहीत. मला वाटतं, आबांचा अविश्वास विज्ञानावर नाहीच. त्यांनी विज्ञान पाहिलंय कुठे? अर्धा दिवस डोंगरावर फिरून गेलेली चार माणसं पाहिली, आणि त्यानंतर दर जूनला एक कागद पाहिला. त्या कागदात डोंगराबद्दल एकच शब्द आहे, 'दरडप्रवण', आणि बाकीचा मजकूर जबाबदारी कुणाची नाही याबद्दल आहे. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ बरोबर कळतो : तुम्ही मेलात तर आम्ही आधी सांगितलं होतं. असा कागद पाच वेळा हातात आला तर मीही तो चुलीत घातला असता.

भूवैज्ञानिकांनी डोंगरावर काय पाहिलं, ही एक गोष्ट. त्यावरून कचेरीनं काय ठरवलं, ही दुसरी. आणि ठरवलेलं करायला पैसा, जागा, माणसं दिली की नाही, ही तिसरी. वाडीपर्यंत पोचताना या तिन्हींचा एकच लगदा होतो आणि त्यावर 'सायन्सवाले' अशी चिठ्ठी लागते. मग पुनर्वसनाची जागा रखडली तरी बोल भूवैज्ञानिकाला, शाळेत संडास एकच असला तरी बोल भूवैज्ञानिकाला. तुमच्या घरात तर तो बोल तुम्हाला लागतो, कारण बी.एस्सी. तुम्ही आहात.

मी भूगर्भशास्त्र शिकवण्यात बावीस वर्षं घालवली, पण हा लगदा किती जिवावर बेततो ते मी वर्गात शिकले नाही. माझं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून सायकलने जाता येईल इतकं जवळ. १९९२ च्या पावसाळ्याच्या अखेरीला आमच्याकडे जमीन गुरगुरायला लागली. भांडी वाजायची, कुत्री रडायची. ऑक्टोबरात एक धक्का इतका मोठा बसला की आमच्या ओसरीची भिंत उभी चिरली. सगळं गाव खळ्यात झोपायला गेलं. पंधरा दिवस आम्ही पोरं उघड्यावर कडब्याच्या गंजीला टेकून झोपलो, आणि खरं सांगते, आम्हाला मजा वाटत होती. मग एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते मला आठवत नाही. शाळेच्या मैदानावर लोक जमले. साहेबांनी सांगितलं की हा दख्खनचा खडक फार जुना, फार घट्ट, इथं मोठा भूकंप होत नाही, निर्धास्त घरात झोपा. आम्ही घरात झोपायला गेलो. हळूहळू धक्केही थांबले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले असताना, चार वाजायच्या आत तो मोठा धक्का आला. आमच्याकडची घरं तेव्हा दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंतींची, वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. त्या माळवदाखाली माझी मोठी आत्या आणि तिची दोन मुलं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली.

त्या साहेबांना मी खोटारडे म्हणत नाही. ते खोटं बोलले नव्हते. त्या काळच्या देशाच्या भूकंप नकाशात लातूर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, पहिल्या झोनमध्येच होतं. नकाशा बदलला तो किल्लारीनंतर. २००२ साली पहिला झोनच रद्द झाला आणि लातूर तिसऱ्यात गेलं. शास्त्रात असं होतं, नवीन पुरावा आला की जुना नकाशा मोडीत निघतो, आणि ते बरंच आहे. साहेबांची चूक वेगळी होती. 'आमच्या माहितीप्रमाणे इथं मोठ्या भूकंपाची शक्यता कमी आहे, पण हे धक्के का बसताहेत ते आम्हाला अजून कळलेलं नाही, आणि तुमची माळवदं मात्र धोक्याची आहेत', एवढं ते म्हणू शकले असते. तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांनी पहिलंच वाक्य सांगितलं आणि तेही 'कमी' हा शब्द गाळून. लोक घाबरू नयेत म्हणून. आमच्या भल्यासाठीच.

पुढे इटलीतल्या लाक्विला या शहराची हकीकत वाचली तेव्हा मला आमचं शाळेचं मैदान दिसलं. तिथं २००९ च्या सुरुवातीपासून बारीक धक्के बसत होते. त्या मुलखात पिढ्यान् पिढ्यांची रीत अशी की धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र चौकात काढायची. ३१ मार्चला सरकारनं शास्त्रज्ञांची बैठक बोलावली. बैठकीच्या आधीच नागरी संरक्षण खात्याच्या एका बड्या अधिकाऱ्यानं टीव्हीवर सांगून टाकलं की धोका नाही, उलट बारीक धक्क्यांनी जमिनीतली ऊर्जा निघून जाते ते चांगलंच आहे. हे शास्त्राला धरून नव्हतं. ६ एप्रिलच्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि ३०९ माणसं मेली. त्यातली काही अशी होती की एरवी ती बाहेर झोपली असती. सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांवर खटला चालला, २०१२ मध्ये सातही जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि जगभर ओरड झाली की भूकंपाचं भाकीत करता आलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडतात. २०१४ मध्ये वरच्या न्यायालयानं सहा तज्ज्ञांना सोडलं, त्या अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली. मला तो निकाल पटतो. पण भाकीत का केलं नाही असं लोक विचारतच नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, आमची बाहेर झोपायची शहाणी रीत तुम्ही का मोडलीत?

किल्लारीत आणि लाक्विलात 'काही होत नाही' असं सांगून लोकांना आत पाठवलं. तुमच्याकडे 'धोका आहे' असं सांगून बाहेर काढतात. वरवर पाहता उलटं आहे, पण मला दोन्हीकडे तोच एक दोष दिसतो. शास्त्रज्ञाच्या तोंडी 'बहुधा', 'इतपत', 'अजून माहीत नाही' असे जे शब्द असतात, ते कचेरीतून बाहेर पडेपर्यंत गळून जातात. उरतो एक हुकूम. आणि हुकूम एकदा चुकला की मागचं सगळं शास्त्र लोकांच्या लेखी खोटं ठरतं.

'दरडप्रवण' या शब्दाचंच घ्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभराचे जे दरडींचे नकाशे केलेत, ते एकास पन्नास हजार या प्रमाणात आहेत. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तुमची एकोणतीस घरं त्यावर टिकलीएवढीही दिसायची नाहीत. असा नकाशा कुठल्या डोंगररांगा जास्त कच्च्या आहेत एवढं सांगतो, आणि ते फार मोलाचं आहे. पण कुठलं घर, कुठली रात्र, ते तो सांगत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ती ठाकरवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. म्हणून यादीत नाव असणं म्हणजे मरणाचा दाखला नाही आणि नसणं म्हणजे अभयही नाही. हे वाक्य कुणीतरी तुमच्या वाडीत येऊन, ओट्यावर बसून, सांगायला हवं होतं. पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही.

गेल्या वर्षीच्या रेड अलर्टचंही तेच. अलर्ट जिल्ह्याला असतो, वाडीला नसतो. रायगडात त्या रात्री कुठेतरी पाऊस झालाही असेल, तुमच्याकडे झाला नाही. तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून तुमच्याच कामातला दाखला देते. चाळणी तपासणीत एखादीचा रिपोर्ट संशयास्पद आला, पुढची तपासणी केली आणि काही निघालं नाही, तर तुम्ही 'पहिली तपासणी खोटी' म्हणता का? म्हणत नाही. चाळणीचं काम कुणी निसटू नये हे असतं, त्यात काहींना उगाच घोर लागतो. मला खात्री आहे की पेशंटला हे तुम्ही नीट समजावून सांगत असाल. आबांना सांगितलंत का? पत्रावरून वाटतं, तुम्ही त्यांना 'आज रात्री दरड येणार' अशा सुरात सांगितलं. भीतीपोटी सांगितलं, लेक म्हणून सांगितलं, पण 'बहुधा' तुमच्याही तोंडून गळला. नुसत्या नोटिशीनं गेला त्याहून जास्त विश्वास त्या रात्री गेला असेल, कारण तो तुमच्यावरचा होता.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला आवडणार नाही. पटवणं थोडे दिवस बाजूला ठेवा आणि आबांची माफी मागा. 'आबा, त्या रात्री मी नक्की येणार म्हणाले ते चुकलं. नक्की कुणालाच सांगता येत नाही. मला सांगायचं होतं ते एवढंच की त्या रात्री धोका रोजच्यापेक्षा बराच जास्त होता.' बस. पुढे काही बोलू नका. ते काय म्हणतात ते ऐका.

दुसरं काम कागदाचं. तो अहवाल मिळवा. माहिती अधिकाराचा साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. 'आमच्या वाडीच्या भूवैज्ञानिक पाहणीचा पूर्ण अहवाल नकाशासह, आणि पुनर्वसन प्रस्तावाची सद्यस्थिती' एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची. पण माहिती माणसाच्या जिवाशी निगडित असेल तर कायद्यात अठ्ठेचाळीस तासांची तरतूद आहे. पावसाळा तोंडावर असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. आणि अर्ज तुमच्या एकटीच्या नावानं नको. आबा, सरपंच, बचत गटाची अध्यक्ष, अशा पाच-सहा जणांनी वेगवेगळे करा. अहवाल आला की तो वाचून दाखवायचा. ग्रामसभेत विषय घ्या, पण त्याआधी एका रात्री वाडीच्या देवळात वाचा. तुम्हीच वाचा. शब्द अडेल तिथं 'हे मलाही कळलं नाही' म्हणा आणि बाजूला लिहून ठेवा. मग ते प्रश्न घेऊन भूवैज्ञानिकांना परत बोलवायची मागणी करा. लोक म्हणतील, ते कशाला येतील? मी या क्षेत्रात आहे, म्हणून सांगते : डोंगरावर फिरणाऱ्या माणसाला गाव आपला अहवाल वाचतंय हे कळलं तर बहुतेक जण येतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं.

ते आले की वाडीनं त्यांना काय विचारायचं, ते आधी ठरवून ठेवा. कुठल्या उतारावर माती जाड आहे? नवा रस्ता काढताना डोंगराचा पायथा कापला तिथं भिंत का नाही? किती दिवसांच्या किती पावसानंतर आम्ही उतरावं असं तुम्हाला वाटतं? शेवटच्या प्रश्नाला ते चटकन आकडा देणार नाहीत, आणि देऊही नये. तेव्हा चिडू नका. तिथूनच खरं बोलणं सुरू होतं.

कारण त्या आकड्यासाठी वाडीचा पाऊस मोजावा लागेल, आणि तो आज कुणीच मोजत नाही. तालुक्याच्या गावी पर्जन्यमापक असेल, पण घाटात एका डोंगराआड पाऊस दुप्पटही असू शकतो. आबांना एक पर्जन्यमापक घेऊन द्या. तोवर उभ्या भिंतींचा, वरून खाली सारख्या रुंदीचा डबा आणि पोराची पट्टी यांवरही भागतं. डबा झाडापासून, पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, वहीत लिहायचं, ओतून द्यायचं. दोन पावसाळ्यांत तुमच्या वाडीकडे जे असेल ते मुंबईत बसलेल्या कुणाकडेही नसेल. पाऊस मोजणारी माणसं अलर्टची वाट पाहत बसत नाहीत, आणि अलर्ट आला तर तो थट्टेवारीही नेत नाहीत, हे मी इतर गावांत पाहिलंय.

तिसरी गोष्ट शाळेची आणि म्हशींची. नोटीस माणसांना हलवते, गुरांना नाही. ज्याच्या गोठ्यात दोन दुभत्या म्हशी आहेत तो माणूस दोन खोल्यांच्या शाळेत रात्र कशी काढेल? म्हशी कुठे बांधायच्या, धार कोण काढणार, पेंढा कुठे ठेवायचा? बायकांना एका संडासापुढे रांग लावायची, तीही पावसात. आपण याला 'लोक ऐकत नाहीत' म्हणतो. मला हे अगदी मनापासून सांगायचंय : उतरायची जागा जर नीट नसेल तर लोकांचा नकार हा अडाणीपणा नसतो, त्यांनी केलेला हिशोब असतो. धोका कधीतरीचा, हाल आजचे. हा हिशोब बदलायचा असेल तर शाळेच्या आवारात गुरांसाठी पत्र्याची शेड, आणखी दोन संडास आणि कोरडी लाकडं, एवढं तरी लागेल. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. ग्रामसभेचा ठराव करून ही मागणी त्यांच्याकडे पाठवा, आणि ठरावात नोटिशीचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढा. 'जबाबदार राहणार नाही' हे वाक्य बदलून मागा. त्याऐवजी नोटिशीत कोण न्यायला येणार, कुठल्या गाडीनं, त्याचा मोबाईल नंबर काय, हे लिहा म्हणावं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ तरी छापा म्हणावं.

पुनर्वसनाबद्दल लिहायचं मी टाळत होते, पण टाळून चालणार नाही. आबांनी माळीणचं ऐकलं असणार. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसांसह. एस.टी.च्या ड्रायव्हरला रोजच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा जगाला कळलं. मग दोष कुणाचा, यावर वाद झाला. कुणी पडकईच्या, म्हणजे डोंगरउतारावर शेतं काढण्याच्या, सपाटीकरणाला धरलं, कुणी पावसाला. नवं माळीण आमडे इथं बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या हस्ते घरं दिली, आणि जूनच्या पहिल्याच मोठ्या पावसात तिथला भराव खचला, रस्त्यांना भेगा पडल्या. ज्यांनी माणसं गमावली होती ती माणसं पुन्हा रात्रभर जागी. ती घरं पडली नाहीत, पुढे दुरुस्त्याही झाल्या. पण डोंगरातल्या प्रत्येक वाडीनं ती बातमी ऐकली. आबा 'कळतंय काय' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हे असू शकतं. ते नाकारू नका. उलट त्यातूनच मागणी काढा : 'प्रस्तावित' जागेची मातीची तपासणी झाली का, तिचा अहवाल कुठे आहे, आणि ती जागा ठरवताना वाडीतलं कोण सोबत होतं? जागा नक्की होण्याआधी हे विचारलं तर उपयोग. घरं बांधून झाल्यावर विचारणं म्हणजे नुसतं रडणं.

तुम्ही म्हणाल, ताई, एवढं सगळं होईपर्यंत या पावसाळ्याचं काय? या पावसाळ्यापुरतं एकच ठरवा, आणि तुमच्या शब्दावर नको, आबांच्या शब्दावर. डोंगर सुटण्याआधी बऱ्याचदा काही खुणा दाखवतो. वरच्या उतारावर कमानीसारखी भेग पडते. विजेचा खांब किंवा झाड कलतं. दार एकाएकी चौकटीत अडकायला लागतं. नितळ झऱ्याचं पाणी गढूळ होतं, किंवा भर पावसात वहाळाचं पाणी अचानक कमी होतं, म्हणजे वर कुठेतरी ते अडलंय. यांपैकी काही दिसलं की कुणाला न विचारता सगळ्यांनी उतरायचं, दिवसाउजेडी, वहाळाच्या वाटेनं नाही. दर वेळी दिसतीलच असं नाही, रात्री तर नाहीच दिसत. म्हणून सलग पाऊस लागला की संध्याकाळी उजेड असतानाच निदान लहान पोरं आणि म्हातारी माणसं खाली झोपायला न्यायची. आली नाही दरड, तर सकाळी परत वर. त्याला चुकलं म्हणायचं नाही, हे आधीच बोलून ठेवा.

आता म्हशींची ओळ. २०२१ च्या त्या रात्री आबांनी म्हशी सोडल्या आणि आईला घेऊन देवळात गेले. मोबाईलवर काही आलं म्हणून नाही, नोटीस तर तेव्हा नव्हतीच. साठी उलटलेला माणूस, जन्मभर त्याच उतारावर नाचणी-वरी पिकवलेली, त्यानं काहीतरी पाहिलं किंवा ऐकलं. वहाळाचा आवाज बदलला असेल. मातीचा वास आला असेल. म्हशीच आधी अस्वस्थ झाल्या असतील. किल्लारीच्या भूकंपाआधी आमच्या गावी माझी आजी सबंध वर्ष अंगणात झोपली होती, सगळे हसायचे. तिला कुणी विचारलं नाही की तू का झोपतेस. मी भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन परत आले तोवर ती नव्हती.

तुम्ही आबांना इतके दिवस 'तुम्ही का ऐकत नाही' असं विचारत आलात. आता सुट्टी काढून एक दिवस घरी जा. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मिरगाच्या आत. सकाळी त्यांच्याबरोबर वरच्या वाफ्यांपर्यंत चढा आणि त्यांना विचारा, त्या रात्री तुम्हाला काय दिसलं, कुठे उभे होतात, मला ती जागा दाखवा. ते लगेच बोलणार नाहीत. बसा तिथेच. बोलायला लागले की मध्ये तोडू नका, आणि वही-पेन बरोबर ठेवा. भूवैज्ञानिक परत येतील तेव्हा ते पान त्यांना पहिल्यांदा दाखवायचं आहे.

तुमची,
ताई